फोन जपानचा, आम्ही फुलपाड्याच्या

काल शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनचा देश बदलला. झालं असं, आमच्या स्वराला मांजरीचा एक गेम हवा होता आणि तो फक्त जपानात मिळतो. नणंदेची काजल म्हणाली, "मामी, फोनमध्ये देश जपान करूया."

"अगं, आधी ह्यांना विचारू दे!"

"मामी, तिकीट नाही काढायचंय, बटण दाबायचंय."

दाबलं. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून शाळेचं ॲप काढून टाकलं. गेम आला, पण सगळा जपानीत. स्वरा दहा मिनिटांत कंटाळली. शाळेचं ॲप परत घ्यायला गेले, तर फोन म्हणतो, हे तुमच्या देशात मिळत नाही!

"काजल, कर बाई परत भारत."

"मामी, आता वर्षभर बदलता येत नाही."

सोमवारपासून परीक्षा आणि वेळापत्रक त्या ॲपवर. शाळेत फोन लावला. क्लार्क म्हणाले, "ॲपवर बघा."

"ते आमच्या देशात मिळत नाही हो."

"राहता कुठे?"

"फुलपाड्याला."

त्यांनी फोनच ठेवला.

तेव्हा स्वराच्या वर्गातल्या, तिसरी 'ब'च्या आयांना एवढं कळवा, पहिला पेपर कसला ते कुणीतरी कागदावर लिहून पाठवा.