काचेवर मेणखडूची रेघ

सून : बाबा, माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ही रेघ कुणी ओढली?

सासरे : मीच. मेणखडूने. काचेवर साधा खडू धरत नाही.

सून : पण कशाला?

सासरे : अक्षरं एका ओळीत बसावीत म्हणून. उभा जन्म पाट्या रंगवल्या, पण रेघ ओढल्याशिवाय ब्रश टेकवला नाही. आणि वेबसाइट बनवायचं तुझं हे सॉफ्टवेअर! मोठ्या मुश्किलीने अक्षरं रेघेवर बसवली, माऊसचं ते चाक जरा फिरवलं, तर सगळी वर पळाली.

सून : चाक फिरवलं की पान सरकणारच, बाबा. रेघ काचेवर आहे, अक्षरं आत आहेत.

सासरे : म्हणजे हेही कुचकामी.

सून : हे तिसरं आहे. पहिल्यात तयार साचे होते, तर तुम्ही म्हणालात, दुसऱ्याच्या हातची पाटी माझ्या नावाने लावू का? दुसऱ्यात कोऱ्या पानापासून सुरुवात होती, तर म्हणालात, डोकं उठलं. यात शिकण्यासारखं काही नाहीच. अक्षर उचलायचं आणि हवं तिथे ठेवायचं.

सासरे : या दोन अक्षरांमधली फट बघ. बैल जाईल त्यातून.

सून : गिऱ्हाईक फट बघत नाही. फोन नंबर बघतं.

सासरे : माझं गिऱ्हाईक बघतं.

सून : ते आहे कुठे सध्या? ... म्हणजे, वेबसाइट झाली की येईल, असं म्हणायचं होतं मला.

सासूबाई : (स्वयंपाकघरातून) स्पष्ट बोल गं. हे शिडीवरून पडल्यापासून दारात कुणी फिरकलेलं नाही. आणि हे दिवसभर माझ्या डब्यांवर नावं रंगवत बसतात. मीठ झालं, साखर झाली. काल झाडूच्या दांड्यावर ‘झाडू’ लिहून ठेवलंय.

सासरे : सावली देऊन लिहिलंय. तेही सांग.

सून : बाबा, एक विचारू? तिन्ही वेळा तुम्ही याच रकान्यापाशी आलात आणि सॉफ्टवेअर वाईट ठरलं. ‘कोणती कामं करता?’

सासरे : फट आहे म्हणून वाईट.

सून : बरं. मग लिहू का, लहान पाट्या करून मिळतील? दारावरच्या, टपालपेटीवरच्या?

सासरे : लहान लिहू नकोस. चार मजली भिंती रंगवल्यात मी.

सून : पण आता कुणी भिंतीचं काम घेऊन आलं, तर काय सांगणार?

सासूबाई : सांगतील, शिडी नाही म्हणून. परवा कोपऱ्यावरच्या गवंड्याला देऊन टाकली. मला त्याच्या बायकोकडून कळलं.

सून : शिडी दिलीत, बाबा?

सासरे : नुसती पडून राहिली असती. वाळवी लागते लाकडाला.

(सून कीबोर्ड पुढे ओढते.)

सासरे : लिही. जमिनीवर उभं राहून हात पोहोचेल तिथवरचं सगळं रंगवून मिळेल.

सून : ... लिहिलं. मग सॉफ्टवेअर हेच ठेवायचं?

सासरे : ठेव. ती फट तेवढी कमी होते का बघ.

सून : होते. ही बघा, झाली. आता रेघ पुसते.

सासरे : थांब. पुसायच्या आधी पान जरा वर सरकव. अजून थोडं. हं. आता बसली ओळ.