रुईच्या पानावरच्या अळ्या

मंडळी, लिमयेबाईंसाठी तुम्ही सगळे आलात. मला बोलायला उभं केलंत. आयुष्यभर या जयपुरात माझं तोंड कधी बंद नव्हतं. एकदाच बंद ठेवलं, ते आज सांगते.

आत्ता कोणीतरी म्हणालं, बाई फार सोशिक होत्या. सोशिक? त्यांना सोसायला लावलं, असं म्हणा! आणि लावणाऱ्यांत मी होते.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. कॉन्व्हेंटात मी तिसरीत. बाकीच्या शिक्षिका फळ्यावर फुलपाखरू काढायच्या. लिमयेबाईंनी शाळेमागच्या वाळूतली रुईची फांदी आणली, पट्टेरी अळ्यांसकट. बुटांच्या खोक्यात ठेवली. नियम एकच. दोन मिनिटं बोलायचं नाही, बोट लावायचं नाही, नुसतं बघायचं. मग वहीत लिहायचं.

आई म्हणायची, रुईचा चीक विषारी. मला अळ्यांची दया आली. शुक्रवारी शाळा सुटताना मी रुई फेकली आणि घरचा कोवळा पालक घातला. सोमवारी सगळ्या मेलेल्या.

मुख्याध्यापिका मदर आल्या. "ही घाण कोणाची?" इंग्रजीत गरजल्या. शेजारच्या विमलानं मला पालक घालताना पाहिलं होतं, ती कुजबुजली, "बता दे ना!" मी मान खाली घातली.

बाई म्हणाल्या, "माझी. पानं मी चुकीची घातली."

शिक्षा म्हणून मदरनी वर्षभर त्यांना शिवणाचा तास दिला. विज्ञानाच्या बाईंच्या हाती सुईदोरा! अजून माझं डोकं भडकतं. पण मदरवर किती भडकू? गप्प तर मी बसले होते.

मधल्या सुट्टीत बाईंनी मला गाठलं. हळूच मराठीत विचारलं, "पालक घरचा होता का गं?" मी रडायला लागले. "रडू नकोस. काय केलंस, काय झालं, ते लिही. अळीला तिचंच पान लागतं, हे आता तुझ्याइतकं कोणाला कळलंय?"

मी लिहिलं, अळ्या मेल्या. एवढंच. खाली बाईंची लाल शाई: 'कशामुळे?'

उत्तर आज देते, बाई. पानं मी बदलली होती.

आता दोन मिनिटं शांत राहू या. पण डोळे मिटू नका, बाईंना ते चाललं नसतं. त्यांच्या फोटोच्या हारावर मुंग्या चढल्यात. कोणी झटकायच्या नाहीत. नुसतं बघा.