क्लॅम्पच्या वरून

यवतमाळच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर कोकिळा आत नेलेल्या नवऱ्याची वाट पाहत बसली होती. शेजारी स्ट्रेचरवर उकंडाजी होते आणि त्यांच्या उशाशी लॅपटॉप घेऊन त्यांची लेक प्रियंका. लोहारा गावच्या कारखान्यात बापाने जन्मभर मशीन चालवली. आता लेक तिथेच मशीनचे प्रोग्राम बनवत होती.

“बाबा, भेव वाटून राह्यलं का?”

“नाई व. थंडी वाजते.”

“मंग हे पाहा न. टूल एका भोकाहून दुसऱ्याकडं जाते, तं मधात पार्ट धरणाऱ्या क्लॅम्पले ठोकते.”

“तू सरळ आडवं नेलं असशीन. आधी वर उचल, क्लॅम्पच्या वरून ने, मंग खाली उतरव.”

“वर तं उचललं होतं.”

“क्लॅम्पवरच्या बोल्टचं डोकं मोजलं का?”

“अय्यो, तेच राह्यलं!”

“पाह्य! लय घाई तुले. पहिले हवेत चालवून पाह्य, मंगच कापजो.” उकंडाजी हसले.

तेवढ्यात वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं.

“मी आल्यावर चालवजो बरं. एकटी नोको करू.”

“तुमच्याबिगर नाई करत, बाबा.”

दार लागलं. प्रियंकाचा फोन वाजला.

“हो साहेब, तो क्लॅम्पवाला पार्ट परवाच बनला. काल पाठवलाबी. नाई, काईच अडलं नोहतं. ठेवते, बाबाले आत्ताच आत नेलं.”

कोकिळा तिच्याजवळ सरकली.

“तुह्या बाबाले मशीनचं लय समजते व माय.”

“हो मावशी,” प्रियंका म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. “मले सारं त्याहीनंच शिकवलं.”