आरसाताईसाठी दहा अंक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, सव्वा तास उशिरा का होईना पण आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, आगारातले चालक, वाहक आणि कार्यशाळेतली मंडळी, आणि पहिल्या रांगेत बसलेली आपली आरसाताई, तिच्या सासूबाई आणि दोन्ही लेकी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी या आगाराचा कंट्रोलर. गाड्या वेळेवर सोडणं एवढंच मला येतं, भाषण येत नाही. त्यातून घड्याळ नेमकं माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. बोलता बोलता लक्ष तिकडे गेलं तर राग मानू नका.

कार्डावर 'सेवानिवृत्ती' छापलंय. कसली डोंबलाची सेवानिवृत्ती? ताईच्या नोकरीची अजून अकरा वर्षं बाकी आहेत. ऑफिसात विचारलं, तर म्हणाले, निरोपाचं कार्ड एकाच प्रकारचं असतं. म्हणजे राहायला जागा नाही म्हणून कोणी नोकरी सोडली, तर त्याचं कार्डच आपल्याकडे नाही.

ताई या शहराची पहिली बस चालवते, पहाटे पावणेपाचची. आगाराच्या मागे लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची, चालत यायची. ती इमारत विकली गेली. आसपासची भाडी तिच्या पगाराच्या पुढे. चार महिने तिने खोली शोधली, दोन ठिकाणी मीही सोबत गेलो. एका मालकाने ती काय करते विचारलं, आणि बस चालवते म्हटल्यावर खोली कालच गेली म्हणाला. शेवटी जागा मिळाली ती दोन तासांवरच्या गावात. आता मला सांगा, पहिली बस चालवणारीने कामावर यायचं कशाने? पहिल्या बसने? तिने दुपारची ड्यूटी मागितली. तो अर्ज विचाराधीन आहे. घर सोडायची तारीख मात्र कोणी विचाराधीन ठेवली नाही.

प्रमुख पाहुणे आत्ताच म्हणाले की शहर महाग आहे, ज्याला परवडत नाही त्याने परवडेल तिथे राहावं, यात कोणाचा दोष नाही. साहेब, मी घरमालकांना चोर म्हणत नाही. पण हॉस्पिटलात फरशी पुसणारी, हॉटेलात पीठ मळणारी माणसं या शहराला पहाटे पाचला हजर हवीत, आणि रात्री झोपायला त्यांनी दुसरीकडे जावं! ती काय आभाळातून पडणार आहेत? इतकी वर्षं हेच ऐकतोय, कंटाळा आला हो.

असो. तिला आरसाताई का म्हणतात, ते सांगायचं राहिलं. पहिल्या थांब्यावरून निघण्याआधी ती आरशात बघते आणि दहा अंक मोजते. मागून कोणी पळत येतंय का, म्हणून. रोज. वेळापत्रकात हे दहा अंक नाहीत, म्हणून मी तिला मेमो दिला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "साहेब, माझ्यामागची गाडी चाळीस मिनिटांनी आहे. पळणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून तर तो पळतो." मी म्हणालो, वेळ म्हणजे वेळ. सहा महिन्यांनी दुसरा मेमो दिला. दोन्ही तिच्या फाइलला आहेत, खाली माझी सही आहे. आज त्या सहीची मला लाज वाटते, ताई. हे तुझ्या खोलीत येऊन सांगायला हवं होतं, पण आता ती खोलीही नाही.

कार्यक्रम चारचा होता, सुरू झाला सव्वापाचला. ताईच्या गावाची शेवटची गाडी सहाची. आता सहा वाजून सात मिनिटं झालीत. ताईने तीनदा पिशवी उचलली आणि पाहुण्यांच्या भिडेखातर तीनदा खाली ठेवली, मी बघतोय. ताई, ऐक. ती गाडी फाटकात उभी आहे. तीस वर्षांत मी पहिल्यांदा गाडी अडवलीय. चालकाला सांगितलंय, आरशात बघ, दहा मोज, आणि ती दिसली नाही तर पुन्हा एकपासून मोज.

अध्यक्ष महोदय, आपलं भाषण राहिलं, गुच्छ राहिला, ते आम्ही घरी पोचवू. आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. गाडी उशिरा सुटतेय त्याची माफी मात्र मी मागणार नाही. मेमो द्या, आणि तिच्या त्या दोन मेमोंच्या शेजारी लावा.

ऊठ ताई. मुलींना पुढे घाल, सासूबाईंचा हात धर. पळू नकोस. गाडी थांबलीय.