रंगाआधी एकदा हात फिरवतो

...आणि वर पेंटर म्हणतो, "साहेब, अजून जरा घासा!" अजून जरा? अहो, चार महिने घासतोय मी! बोटांचे ठसे गेले माझ्या, तुम्हाला सांगतो, ठसे! परवा बँकेत मशीनवर अंगठा ठेवला तर मशीन म्हणालं, ओळखत नाही. म्हटलं, बरोबर आहे बाबा, मीही हल्ली आरशात स्वतःला ओळखत नाही... भुवया राखाडी, कान राखाडी, काल शिंकलो तर रुमालावर प्रायमरचा एक हात बसला! पण तक्रार नाही हं माझी. उपकारच आहेत लोकांचे.

आता तुम्ही विचाराल, कसली घासाघीस? तर आमच्या सासऱ्यांची जुनी गाडी. वयाने माझ्या धाकट्या मेहुणीएवढी, आणि लाड तिच्याहून जास्त. सासरे वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत चालवत होते, मग डोळे गेले. म्हणजे उजेड कळतो, सावली कळते, माणूस आवाजावरून कळतो, बाकी काही नाही. एके दिवशी किल्ली माझ्या हातात ठेवली. "जावईबापू, गाडी आता तुमची. नीट रंगवा. मला काही दिसायचं नाही... मी हात फिरवून बघेन."

हात फिरवून बघेन! संपलंच की हो! डोळसाला एक वेळ फसवता येतं, चकचकीत लाल मारा, खड्डे बघतो कोण? पण तळहाताला काय दाखवणार? आणि तळहात कुणाचा? ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षांत माझं एकदाही कौतुक केलेलं नाही त्याचा! लग्न ठरलं, "ठीक आहे." नातू झाला, "ठीक आहे." मला बढती मिळाली, तर म्हणतात, "तुम्हाला?" आता पन्नाशी उलटली माझी, सांगायला लाज वाटते, पण एकदा... एकदा तरी या माणसाच्या तोंडून 'छान' ऐकायचं होतं मला. म्हणून ठरवलं, मीच करणार! पेंटर फक्त शिकवेल.

पेंटरने शिकवलं. घरामागच्या शेडमध्ये उलट्या डब्यावर बसून. "साहेब, फवाऱ्याची गन एका चालीने न्या, मधे थांबू नका." मी थांबलो. का थांबलो? कारण आमच्या हिने खिडकीतून विचारलं, "चहा टाकू का?" 'हो' म्हणेपर्यंत दारावरून प्रायमरचा हा एवढा ओघळ! मग घाबरून गन लांब धरली, तर प्रायमर हवेतच वाळला आणि गाडीवर रवा सांडल्यासारखा बसला. मग जवळ धरली, तर थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत! पेंटर शांत. "चालेल, घासू." अहो, तुमचं काय जातंय 'घासू' म्हणायला?

मग या गृहस्थाने काय करावं? माझ्या राखाडी गाडीवर सरळ काळा फवारा मारला! मी ओरडलोच, "अहो, तोंडाला काळं काय फासताय तिच्या?" तर म्हणतो, "आता ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळा, पाणी मारा, घासा. जिथं काळं राहील तिथं खड्डा. जिथं पत्रा उघडा पडेल तिथं उंचवटा. गाडीच सांगेल तुम्हाला." आणि सांगितलं हो गाडीने! इतके दोष माझ्या साहेबांनीही कधी काढले नाहीत.

मडगार्डच्या गोलाईवर ठोकळा बसेना, म्हणून मी गुपचूप ठोकळा ठेवला आणि पेपर नुसत्या बोटांनी चालवला. कुणाला कळतंय? दुसऱ्या दिवशी पेंटर आला, डोळे मिटले, हात फिरवला. "बोटांनी घासलंत?" म्हटलं, छे! "तीन बोटांनी. करंगळी वर होती." अहो, करंगळी! माणूस आहे का कोण आहे? तीन बोटांचे तीन चर पडले होते. परत प्रायमर, परत काळा फवारा, परत मी. पण तक्रार नाही माझी. असं तोंडावर सांगणारा माणूस भेटायला नशीब लागतं.

आणि मग आमची ही आली. भांडायला आली होती, वाळत घातलेल्या चादरींवर भुकटी बसली म्हणून. बोलता बोलता दारावर हात टेकला आणि थांबली. "इथे खोल आहे." पेंटर म्हणाला, "कुठे?" ही म्हणाली, "इथे, हँडलच्या खाली." मला काही लागेना, पण काळा फवारा मारून बघितलं, तर खरंच, रुपयाएवढा काळा डाग उरला! पेंटर उठून उभा राहिला. "बाई, हा हात कुणाचा?" म्हणाली, "बाबांचा." झालं! त्या दिवसापासून मी घासायचं आणि हिने तपासायचं. गाडीच्या अल्याड मी, पल्याड ही, आणि मधे टपावरून गप्पा. मुलगा घराबाहेर पडल्यापासून इतकं बोललो नव्हतो आम्ही. खरंच सांगतो, त्या खड्ड्यांचे फार उपकार झाले.

शेवटी पेंटर म्हणाला, "झालं. उद्या रंग. आता गाडीला उघडा हात लावायचा नाही. हाताचं तेल बसलं की रंग धरत नाही." मी थिनरने पुसली, शेडच्या तोंडाशी दोरी बांधली, आणि दुपारी चार वाजता सासरे दारात! "उद्या रंग देताय म्हणे. म्हटलं, आधी एकदा हात फिरवतो." आणि हात? गुडघ्यांना तेल चोळून थेट आलेले! दोन्ही तळवे चकाकतायत! मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. तुम्ही काय केलं असतं? मी दोरी सोडली.

बॉनेटपासून सुरू केलं त्यांनी. मडगार्ड, दार, मागचं दार, डिकी... एकेक वीत पुढे, मान तिरकी, कान गाडीकडे. अर्धा तास! मी श्वास घेतला नसेल. फिरून बॉनेटपाशी आले. "कुणी केलं?" मी म्हटलं, "मी... म्हणजे हिने... पेंटरने..." हात तसाच ठेवून म्हणाले, "छान झालंय, जावईबापू. फार छान झालंय." मी शेडमागे गेलो. डोळ्यात प्रायमर गेला म्हणून सांगितलं सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी पेंटरने तिरप्या उजेडात बघितलं, तर बॉनेटपासून डिकीपर्यंत तेलाचे पंजे! मी काय ते सांगितलं. बिचाऱ्याने गन परत पेटीत ठेवली. "पुसा, आणि वरवर घासा." तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. "रविवारी परत येतो. रंग लावला की हाताला काचेसारखी गुळगुळीत लागते हो, सगळ्या गाड्या सारख्याच. आत्ता कशी माझी गाडी लागते!" आता याला 'नाही' म्हणणारा जावई असेल कुठे, मी तो नाही.

तर सोमवारी पुसतो, शनिवारपर्यंत घासतो, रविवारी सासरे येतात, आधी गुडघ्यांना तेल लावून. सात रविवार झाले. घासून घासून प्रायमर झिजला, नवा हात मारला, तोही झिजत आलाय. दर रविवारी न चुकता 'छान' म्हणतात, अठ्ठावीस वर्षांची थकबाकी एकदम फेडतायत, मी कोण अडवणारा? शेजारी रोज कुंपणावरून विचारतात, "काय हो, ठरला का रंग?" पहिले काही दिवस सांगत बसायचो. आता सरळ म्हणतो, "हो, ठरला ना. राखाडी!"