तीन मतांचं केंद्र

आई : दार लावून घेऊ का?

बाप : राहू दे उघडं. लावलं तर म्हणतील, चोराच्या मनात चांदणं.

मुलगी : पण साहेब निवडून आलेत ना, बाबा? खाली फटाके वाजतायत. आमदार झाले, आणखी काय पाहिजे त्यांना?

बाप : थोडक्यात वाचलेत. आता एकेका केंद्राचे आकडे काढून बसलेत. आपल्या केंद्रावर साहेबांना एक मत, विरोधात दोन.

आई : आणि मतदार कोण, तर आपण तिघं! चांगलं खालच्या शाळेत रांगेत उभं राहायचो. गर्दीत कोणाचं मत कोण ओळखतंय? तुम्हालाच हौस, अर्ज करून डोंगरावर वेगळं केंद्र मागून घेतलंत.

बाप : तुझे गुडघे बघवत नव्हते म्हणून मागितलं. मोजताना आपलं घर असं उघडं पडेल, हे कुठे सुचलं मला!

आई : वर साहेबांना शब्द दिलात, ‘घरची तिन्ही मतं तुमचीच.’

बाप : त्यांच्या खाणीची स्फोटकांची कोठी राखतो मी. ही खोलीसुद्धा त्यांची. दुसरं काय बोलणार होतो?

आई : मग ऐका. एक मत माझं आहे. माझा लेक त्यांच्या सुरुंगात गेला, आणि ते चारचौघांत म्हणाले, पोरगा पिऊन आला होता. आयुष्यात थेंब शिवला नाही त्याने. माझं बोटच वळेना त्यांच्या चिन्हाकडे.

बाप : हं.

आई : दुसरं हिचं.

मुलगी : नाही गं! दादाची शपथ. बाबांनी हात जोडले म्हणून मी साहेबांनाच दिलं. रडत रडत दिलं.

आई : घाबरू नकोस, इथे कोण ऐकतंय? तुझं नाही तर काय ह्यांचं? साहेब शिंकले तरी हे रुमाल घेऊन धावतात.

बाप : थांबा, मुकादमाचा फोन. (फोन कानाला लावून) बोला… हो… बरं. जरा धरा हं. (फोनवर तळवा दाबून धरतो)

आई : काय म्हणतोय?

बाप : ज्याने साहेबांना मत दिलं, त्याने इथेच राहायचं. बाकी दोघांनी बंगल्यावर यायचं. गाडी निघालीये. चहाला बोलावलंय म्हणे.

मुलगी : चहाला? त्या गवंडीकाकांनाही विरोधात प्रचार केला म्हणून चहालाच बोलावलं होतं. ते अजून घरी आलेले नाहीत, बाबा.

आई : अहो, सांगा, ते एक मत तुमचं. तुम्ही बाहेर राहिलात तर पोरीला सोडवाल तरी.

बाप : मुकादम, आहात ना? ते मत पोरीचं आहे. हो, खात्रीने सांगतो. ठेवतो.

आई : म्हणजे… तुम्हीसुद्धा?

बाप : माझाही मुलगाच होता ना गं तो.

मुलगी : बाबा, गाडीचा आवाज येतोय.

आई : सदरा बदला तुम्ही. मी चपला घालते.