पानावरून उतरलेली सावली

पुरवणी जबाब
दि. १६ डिसेंबर २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

मी आशाबाई रामकिसन हिवराळे, वय ५८ वर्षे, व्यवसाय पाट्या रंगवणे, शिक्षण सातवी, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती रामकिसन हे बोर्ड रंगवणारे पेंटर होते. ते सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगी मेघा लग्नानंतर अजिंठा येथे राहते. पतीच्या पश्चात मी घरांच्या नावाच्या पाट्या आणि दुकानांचे लहान बोर्ड रंगवते. मी वाचनालयाची सभासद आहे.

दि. ९ डिसेंबर रोजी मी याच ठाण्यात जबाब दिला. त्यात सांगितले होते की, त्या दिवशी सकाळी सव्वाआठच्या सुमारास जालना रस्त्यालगतच्या खाजगी गाड्यांच्या तळावर मी मेघाकडे जाणाऱ्या गाडीत डाव्या खिडकीशी बसले होते. डावीकडे दुसरी गाडी उभी होती. तिचे इंजिन चालू होते आणि चालक कडुबा तुपे आपल्या जागेवर बसलेले होते. पेरू विकणारे सांडू वाघ, वय ६५, हे टोपलीतून पडलेले पेरू वेचायला दोन गाड्यांच्या मधे वाकले. तेवढ्यात शेजारची गाडी मागे सरकली. सांडू यांचा पाय चाकाखाली आला. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले" असे शेवटी मीच लिहायला लावले होते.

ते वाक्य आज मला दुरुस्त करायचे आहे. माझ्या त्या जबाबावरून कडुबा तुपे यांच्यावर गुन्हा दाखल झाला आहे आणि मालकाने त्यांना कामावरून काढले आहे. दुसरा साक्षीदार नाही. सांडू यांना पायावरून कोणत्या गाडीचे चाक गेले ते माहीत नाही, कारण त्यांचे तोंड जमिनीकडे होते.

दि. ११ रोजी मी सांडू यांना पाहायला दवाखान्यात गेले. पाय प्लास्टरमध्ये होता. त्यांनी मला आधी विचारले, "बाई, माझे पेरू कोणी खाल्ले वो?" मी म्हटले, पोलिसांनी पंचनामा केला. ते म्हणाले, "मंग गेले म्हणायचे."

बाहेर बाकावर कडुबा तुपे बसलेले होते. मला पाहून ते उठून उभे राहिले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ताई, तुमी खोटं बोलणाऱ्या वाटत नाय. पण मी गेरला हातबी लावला न्हवता. आता तुमीच सांगा, मी काय करू?" मी घरी आले.

घरी आल्यावर त्या दिवशी गाडीत वाचत होते ते पुस्तक उघडले. ते वाचनालयाचे पुस्तक आहे, डोळे आणि मेंदू या विषयावरचे. खूण होती तिथून वाचू लागले, पण कुठल्या ओळीपर्यंत आले होते ते सापडेना. ओळ का हरवली हे आठवताना सावली आठवली.

उजव्या बाजूच्या खिडक्यांतून कोवळे ऊन आत येऊन माझ्या मांडीवरच्या पुस्तकावर पडले होते. त्या बाजूला गाडी नव्हती, फक्त विजेचा एक खांब होता. मी वाचत असताना पानाच्या वरच्या ओळीवर एक सावली आली, पट्टीएवढी रुंद. ती खाली खाली उतरत शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि माझ्या पदरावर सरकू लागली. मी मान वर करून डावीकडे पाहिले तेव्हा शेजारची गाडी मागे जाताना दिसली. तेवढ्यात सांडू ओरडले. त्या गडबडीत सावली मी विसरून गेले.

खांब चालत नाही. ऊन एवढ्या लवकर सरकत नाही. सावली पानावरून उतरली याचा अर्थ पान पुढे गेले होते. पान माझ्या मांडीवर होते आणि मी गाडीत होते.

पुढे पंधरा पानांवर, त्याच पुस्तकात, शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांची गोष्ट लिहिलेली निघाली. अपघाताच्या दिवशी मी तिथपर्यंत पोचले नव्हते. त्यातून मला समजले ते असे. खिडकीतून फक्त दुसरी गाडीच दिसत असेल, तर डोळा एवढेच कळवतो की दोघींमधले अंतर बदलले. कोण हलले हे डोळ्याला कळत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, त्याला धक्का कळतो, पण गाडी सावकाश घरंगळली तर तोही गप्प राहतो. मग मेंदू ठरवतो. माझ्या गाडीचे इंजिन बंद होते आणि चालकाची जागा रिकामी होती. शेजारचे इंजिन घरघरत होते. मेंदूने हे सगळे जमेस धरले आणि मला न विचारता, पापणी लवायच्या आत निकाल दिला. निकाल चुकला, पण ज्या पद्धतीने दिला ती पद्धत मला आजही थोर वाटते. मी विचार करत बसले असते तरी त्या क्षणी हाच निकाल दिला असता.

खात्री करण्यासाठी दि. १२, १३ आणि १४ या तिन्ही सकाळी त्याच वेळी मी तळावर गेले. त्याच जागी लागलेल्या गाडीत डाव्या खिडकीशी पुस्तक उघडून बसले. शेजारची गाडी निघाली तेव्हा खांबाची सावली पानावर जिथल्या तिथे राहिली. चालकाने माझी गाडी समोरच्या सिमेंटच्या पायरीकडे थोडी पुढे घेतली तेव्हा सावली वरून खाली उतरली. तिसऱ्या दिवशी मला सगळे ठाऊक होते, तरी माझी गाडी हलताना शेजारचीच मागे जाताना दिसली. कंडक्टरने विचारले, "मावशी, तीन दिस झाले, बसता आन उतरता. गाडीनं मन भरंना का तुमचं?" मी त्यांना तिकिटाचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत.

हवालदार तनुजा मॅडम यांनी मला विचारले, "मावशी, वकील हसंल ना. साक्षीदार म्हणते, गाडी हलली आन मी तिच्यातच बसलेली होते, पण मला कळलं नाही." मी म्हटले, हसू द्या, त्यांना त्या खिडकीत नेऊन बसवा.

मॅडमचे समाधान झाले नाही, म्हणून मी एका कोऱ्या कागदावर ठ आणि न ही दोन अक्षरे काढून दाखवली. मोठे कोणते, असे विचारले. मॅडम म्हणाल्या, "न मोठा. ठ बारका काढलाय तुम्ही." मी पट्टी दिली. त्यांनी दोनदा मोजले. दोन्ही सारखे भरले. त्या म्हणाल्या, "मोजलं तरी बारकाच दिसतोय की वो!" ही गोष्ट माझ्या पतींनी मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवली होती. गोल अक्षर खालच्या रेघेच्या किंचित खाली उतरवावे लागते, तेव्हा ते इतरांच्या बरोबरीचे दिसते. ते म्हणत, "लोकं पट्टी घेऊन बोर्ड वाचत नाय." मोठ्या भिंतीवर काम असले की ते मला रस्त्याच्या पलीकडे उभे करत आणि शिडीवरून ओरडून विचारत, "आशा, बघ गं, पडलंय का उभं हाय?" मी सांगितले तसे ते बदलत. मोजमाप त्यांचे आणि बघणे माझे, असे आम्ही एकतीस वर्षे काम केले. माझ्या नजरेवर त्यांनी कधी शंका घेतली नाही. त्यामुळे पहिला जबाब देताना मलाही शंका आली नाही. हे सांगायला मला जड जात आहे.

मॅडमनी विचारले की, एवढे समजल्यावर आता तरी तुम्हाला खरे तेच दिसते का. मी सांगितले, नाही. माझ्या घरात दाराच्या मागे खुंटीवर पतींचा शर्ट आहे. सकाळी उठल्यावर आधी ते उभे असलेले दिसतात, मग शर्ट दिसतो. सहा वर्षे रोज असेच आहे. थोडा उजेड आणि एक कापड एवढ्यावरून मेंदू त्यांचे खांदेसुद्धा बरोबर उभे करतो, डावा जरा उतरता. मी स्वतः चित्र काढायला बसले तर मला ते जमणार नाही. शर्ट मी काढलेला नाही. याचा या गुन्ह्याशी संबंध नाही. मॅडमनी विचारले म्हणून सांगितले.

आणखी एक गोष्ट पहिल्या जबाबात राहिली आहे. सावली पानाच्या मध्यावर असताना गाडीला मागच्या बाजूने एक हलका हिसका बसला होता. मला वाटले कोणी तरी मागच्या दाराने चढले. सांगण्यासारखे वाटले नाही म्हणून सांगितले नाही. मी वळून पाहिले नव्हते. आता माझी खात्री आहे की, कोणी चढले नव्हते. तो सांडू यांचा पाय होता.

माझ्या गाडीच्या चालकाचे नाव मला माहीत नाही. ते त्या वेळी चहाच्या टपरीवर उभे होते. त्यांनी हँडब्रेक ओढला होता की नाही हे मी पाहिलेले नाही, म्हणून त्याबद्दल काही सांगत नाही. त्या सकाळी लोकांनी मोबाईलवर फोटो काढले आहेत. त्यांत माझ्या गाडीचे पुढचे चाक घरंगळून समोरच्या पायरीला टेकलेले आहे का, ते पाहावे अशी विनंती आहे.

हा जबाब देण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कडुबा तुपे किंवा त्यांच्या घरचे कोणी माझ्या दारात आलेले नाही. दवाखान्यात त्यांनी मला "मी काय करू" असे विचारले होते. त्याचे उत्तर म्हणून मी आज आले आहे.

मॅडमनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "माझ्या डोळ्यांनी चूक केली" असे लिहिले होते. ते मी खोडायला सांगितले. डोळ्यांनी खांबाची सावलीसुद्धा पाहून ठेवली होती, ती दोन दिवस जपली आणि मागितली तेव्हा दिली. चूक एवढीच की मी ती उशिरा मागितली. दुरुस्तीनंतर संपूर्ण जबाब मी स्वतः, प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून, पुन्हा वाचला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करत आहे.

(सही)
आशाबाई रामकिसन हिवराळे

समक्ष
(सही)
महिला पोलीस हवालदार